‘प्रॉबॅब्ली’ म्हणजे नेमके किती?

इंग्रजीतील ‘प्रॉबॅब्ली’ हे क्रियाविशेषण आपल्याकडे बोलताना ‘कदाचित’च्या जागी सर्रास येते, मात्र मूळ भाषेत त्याचे वजन त्याहून बरेच अधिक आहे. एखादी गोष्ट न घडण्यापेक्षा घडण्याचीच शक्यता जास्त आहे असे वाटत असेल, तरच इंग्रजी बोलणारा ‘प्रॉबॅब्ली’ म्हणतो. पारडे तसे झुकलेले नसेल, तर ‘पर्हॅप्स’ किंवा ‘पॉसिब्ली’ म्हणून थांबतो. आपला ‘बहुधा’ ‘प्रॉबॅब्ली’ला अधिक जवळचा आहे.

पण जास्त म्हणजे किती? अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएमधील विश्लेषक शर्मन केंट यांच्यापुढे हा प्रश्न फार गंभीर रूपात उभा राहिला. १९५१ साली युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या एका अहवालात लिहिले गेले. केंट यांच्या मनात त्याचा अर्थ साधारण ६५ टक्के असा होता. परंतु ज्या सहकाऱ्यांनी त्यांच्यासोबत बसून तो मजकूर संमत केला होता, त्यांनाच विचारल्यावर उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. पुढे केंट यांनी शब्दांना आकडे जोडण्याचा आग्रह धरला आणि ‘प्रॉबॅबल’साठी ७५ टक्के, त्यात १२ इकडेतिकडे, असे माप सुचवले. मला हा आग्रह रास्त वाटतो, कारण अशा अहवालांवरून युद्धाचे निर्णय होतात.

हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसीने हीच वाट धरली. तेथे ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के. तापमानवाढीला मुख्यतः माणूस कारणीभूत असल्याचे विधान २००१ साली ‘लाइकली’ होते, २००७ साली ‘व्हेरी लाइकली’ झाले आणि २०१३ साली ‘एक्स्ट्रीमली लाइकली’, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर, गेले. एका क्रियाविशेषणातील बदलामागे वर्षानुवर्षांची मोजमापे उभी होती.

भारतीय हवामान विभागाची मोजपट्टी मात्र वेगळी आहे. त्यांच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून अधिक. मराठी बातमीत या तिन्ही पायऱ्या बहुतेक वेळा ‘पावसाची शक्यता’ एवढ्यात मावतात. पेरणीचा दिवस ठरवणाऱ्याला ३० आणि ८० टक्क्यांतील फरक कळावा, म्हणून वृत्तपत्रांनी निदान तो आकडा तरी बातमीत छापावा.