पाहुणे पांगल्यावर

तेरावं उरकतं, पाहुणे पांगतात अन् खरं दुःख तेव्हा अंगावर येतं. आज परभणीच्या योगवर्गात शवासनात पडल्या पडल्याच एका मावशींचा श्वास कोंडला. उताणं झोपलं की दाटून येतं, होतं असं. मग डाव्या कुशीवर वळायचं, गुडघ्यांमध्ये उशी, पाठीला वाकळीची गुंडाळी. रडू येऊ द्यावं. "गप बस माय" कुणी म्हणू नये.

सुरुवात विपरीत करणीनं: पाय भिंतीला, कमरेखाली चौपदरी वाकळ, ५ मिनिटं. बीपी वाढलेलं किंवा काचबिंदू असेल तर झोपून पिंढऱ्या खुर्चीवर ठेवा, कंबर जमिनीवरच. नंतर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर. कपालभाती (पोटाच्या झटक्यानं भराभर श्वास सोडणं) सध्या नकोच, आधीच धडधड असते. डोळे मिटले की दवाखानाच दिसत असेल तर उघड्या डोळ्यांनी भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणणं), ५ वेळा.

रात्री कोमट दुधात अर्धा चमचा अश्वगंधा चूर्ण. थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, लिव्हरचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील, तर मात्र घेऊच नका.

आणि कुणी "आता जगून काय करू" म्हणालं तर काढे उकळत बसू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.