‘पाच मिनिटांचं काम’ उर्फ साडेचार वर्षांच्या मुलाची डोळे तपासणी

ज्यांनी ज्यांनी मला ‘अगं, पाच मिनिटांचं काम आहे’ असं सांगितलं, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार. सकाळी दहाला आत गेलो, बाहेर पडलो तेव्हा दीड वाजला होता.

मुळात जायची वेळ आली ती एका चष्म्याच्या दुकानामुळे. तिथल्या मशीनवर चिरंजीवांची हनुवटी टेकवली, आतलं चित्र बघायला सांगितलं आणि नंबर निघाला मायनस पाऊण. फ्रेमही लगेच समोर मांडली. डॉक्टरांकडे थेंब घालून तपासलं तर निघाला प्लस दीड! लहान मुलांचे डोळे जवळचं बघायला इतका जोर लावतात की खरा प्लस नंबर त्यात झाकला जातो, कधीकधी मायनसही दिसतो. थेंबांनी तो जोर सैल पडतो. तेव्हा सरळ सांगते, थेंब न घालता काढलेल्या नंबरावर एवढ्या मुलाला चष्मा करू नका. कितीही गोड बोलून गळ्यात मारत असले तरी.

तक्त्याचा टप्पा सोपा. अक्षरं येत नसली तरी अडत नाही. सफरचंद, घर, गोल, चौकोन अशी चित्रं असतात, हातातल्या कार्डावर तसंच चित्र दाखवायचं. आमचा गोलाला ‘पोकळ चेंडू’ म्हणत होता, कुणाची हरकत नव्हती. हा खेळ आदल्या दिवशी घरी खेळून जा. डोळा तळहाताने झाकू देऊ नका, बोटांच्या फटीतून बघतात, पट्टी मागा. आणि एक लक्षात ठेवा: एक डोळा झाकला तर गप्प बसतो पण दुसरा झाकला की हात झटकतो, असं असेल तर तो हट्ट समजू नका. उघडा राहिलेला डोळा कमजोर असू शकतो. हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता थेंब. खरा घाट इथेच.

मी म्हणाले होते, ‘पाणीच आहे रे, काही नाही होत.’ एका सिस्टरने डोकं धरलं, मी हात धरले, पापण्या ओढून थेंब टाकला. त्यातला निम्मा गालावर, आणि चिरंजीवांचा आवाज पार बाहेरच्या रांगेपर्यंत. रडता रडता माझ्याकडे बघून म्हणाला, ‘आई, तू म्हणालीस पाणी आहे.’ तेवढं एक वाक्य मला अजून टोचतंय.

आणि हे थेंब एकदा घालून भागत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! दहा मिनिटांनी पुन्हा. या वेळी एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी त्याला आडवं केलं आणि म्हणाल्या, ‘डोळे मीटच. चुरचुरणार आहे, दहा मोजेपर्यंत. मोठ्याने मोज.’ मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवला. ‘आता उघड.’ पापणी हलली, थेंब आपोआप आत गेला. ‘एक, दोन, तीन…’ सातला ओठ थरथरले, दहाला संपलं. धराधरी नाही, काही नाही. मग मिनिटभर त्याच कोपऱ्यावर हलकेच बोट दाबून धरलं, म्हणजे औषध नाका-घशात कमी उतरतं. आधी बधिर करणारा थेंब घालता येईल का, हेही विचारून ठेवा. मी विचारलं नाही, हा माझा गाढवपणा.

त्यानंतर बाहुल्या मोठ्या होईपर्यंत पाऊण तास नुसतं बसायचं. चित्रांचं पुस्तक नेलं होतं, वाया गेलं, कारण जवळचं धूसर दिसायला लागतं. गोष्टी सांगा. शेवटची तपासणी अंधाऱ्या खोलीत होते, ‘दिवे बंद होणार’ एवढं आधी सांगून ठेवलं की बास. डॉक्टर डोळ्यात उजेडाची रेघ फिरवतात, समोर भिंगं बदलत जातात. मुलाने उत्तर द्यावं लागत नाही, लांबच्या चित्राकडे बघत राहिलं की झालं.

बाहेर पडताना टोपी हवीच, ऊन सहन होत नाही. गाल लाल झाले, दुपारभर किरकिर चालली. आमच्या थेंबांचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत होता. ॲट्रोपिन नावाचे थेंब दिले तर आठवडा-दोन आठवडेही राहतो, म्हणून कोणतं औषध ते विचारा आणि शाळेत कळवा. ताप आला किंवा मूल फार बेचैन झालं तर लगेच फोन करा.

निकाल? दोन्ही डोळे सारखे, तिरळेपणा नाही, या वयात एवढा प्लस चालतो, चष्मा नको. मी तिथल्या तिथे नाचायचीच बाकी होते!

रात्री सशाला आडवं करून औषध चाललं होतं. ‘चुरचुरणार आहे हां.’ मी मध्ये बोलायला गेले तर मला गप्प बसवलं.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी. सकाळची पहिली वेळ घेतली आहे आणि त्या दिवशी दुपारचं काहीही ठरवलेलं नाही.