चकाकी नको म्हणे!

जुन्या होडीचं लाकूड एवढं घासायचं, हात फिरवला की बोट घसरेल इतकं गुळगुळीत करायचं आणि शेवटी त्यावर वाळक्या गवताचा मळकट रंग फासायचा! आमच्या सांगलीच्या गावभागातल्या कुठल्याही मिस्त्रीला हे काम सांगा, तो रंधा पिशवीत घालून घरी जाईल. आपल्याकडे पॉलिश झालं म्हणजे कपाटात तोंड दिसलं पाहिजे. इथं शेजारचे आजोबा तिरक्या उन्हात उभे राहून फळी न फळी तपासतात आणि कुठे जरा चमक दिसली की पुन्हा काचपेपर माझ्या हातात देतात.

होडी त्यांच्या वडिलांची. न्यू जर्सीच्या या किनाऱ्यावर, बार्नेगॅटच्या खाडीत, बदकांच्या शिकारीसाठी स्नीकबॉक्स नावाची होडी वापरतात. पहिली १८३६ च्या सुमारास हेझल्टन सीमन नावाच्या कारागिराने बांधली, असं इथं सगळे सांगतात. लांबी जेमतेम १२ फूट, आकार पालथ्या चमच्यासारखा, वरून जवळजवळ सगळी झाकलेली. मधल्या भोकात माणूस आडवा होतो, वर गवत पसरतो, आणि बदकांना वाटतं दलदलीचाच तुकडा आहे. म्हणून चमक नको. ओल्या वार्निशवर ऊन लागलं की थवा लांबूनच वळतो.

कारण पटलं. तरी जीव तुटतो.

लाकूड पांढऱ्या सीडरचं, हलकं आणि सहसा न कुजणारं. आतल्या बरगड्या ओकच्या. त्यातल्या दोन तडकल्या होत्या. नवीन पट्ट्या लांब पेटीत वाफेवर ठेवल्या, इंचभर जाडीला तासभर या हिशोबाने, आणि बाहेर काढल्या काढल्या जागेवर वाकवून शिकंजे आवळले. तिथं विचार करायला वेळ नसतो, लाकूड लगेच हट्टी होतं. हे काम मला फार आवडलं. फळ्यांमधल्या फटी बुजवताना मात्र आमचं वाजलं. मी म्हणत होतो, एपॉक्सीचा घट्ट गोंद भरून टाकू, कायमची कटकट मिटेल. आजोबा म्हणाले, होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगणार, त्यांना जागा नको? फटीत दगडासारखं काही भरलं तर फुगलेली फळी खिळे उपसते, नाहीतर बरगडी मोडते. मग कापसाची वात हातोडीने हलकेच ठोकत बसवली आणि वर मऊ पुट्टी. पहिल्या दिवशी होडी थोडं पाणी घेणारच, त्याचं त्यांना काही नाही.

आता इथल्या नियमांबद्दल. १९७८ पासून इथं घरांच्या रंगात शिसं चालत नाही आणि ही होडी त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे कोरडं घासायचं नाही. आधी दुकानातून आणलेली शिसं ओळखायची काडी रंगावर घासायची; ती लाल झाली, म्हणजे शिसं आहे. मग तोंडाला मास्क, खाली प्लास्टिक, पाणी मारत मारत घासणं, खरवड गोळा करून वेगळी बांधणं आणि कचऱ्याच्या ठरलेल्या ठिकाणी नेऊन देणं. जवसाच्या तेलाच्या चिंध्यासुद्धा बोळा करून टाकायच्या नाहीत, आपोआप पेट घेतात, म्हणून अंगणात पसरून वाळवायच्या. सांगलीत दिवाळीआधी दारं खरवडताना आम्ही पोरं त्याच धुळीत खेळायचो. काही झालं नाही, असं मी तोऱ्यात सांगितलं. आजोबा म्हणाले, ते तुला कसं कळणार? यावर मी चहा करायला आत गेलो.

आईला मात्र वेगळाच प्रश्न. "बदकं मारायच्या होडीला तू कशाला हात लावतोस रे?" मायणीच्या तलावावर चक्रवाक बदकं बघायला तिनेच आम्हाला नेलं होतं. आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे, शिकार बंद म्हणजे बंद. मी तिला समजावलं, की इथं १६ वर्षं आणि त्यापुढच्या, बदकांची शिकार करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी २५ डॉलरचं सरकारी बदक-तिकीट घ्यावं लागतं, ते १९३४ पासून चालू आहे आणि जवळजवळ सगळा पैसा पाणथळ जमीन राखण्यात जातो. आपल्याकडे पाखरं मारत नाही, पण तळी बुजवताना कोण विचारतं? आई म्हणाली, "हे सगळं खरं, पण तू हात का लावतोस?" मी म्हणालो, मी फक्त सुतारकाम करतो. बंदूक त्यांची.

आजोबांना एकदा मीही ऐकवलं. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा काठावर पाय ठेवायला जागा नसते. आयर्विन पुलाशी पाणी ४५ फुटांच्या वर गेलं की होडी सरळ पेठेत येते. २०१९ ला माणसं होडीतून काढली. आमच्याकडे होडी गॅरेजमध्ये जपायला सवड कुणाला? ती कामात झिजते. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग त्यांना रंग कोणता देता?" लाल, निळा, पिवळा, म्हटलं. त्यांनी डोक्याला हात लावला.

परवा दुसरा हात झाला. बाहेरून होडी आता अगदी चिखलात पडल्यासारखी दिसते, म्हणजे उत्तम झाली. वल्ह्याच्या मुठी कोऱ्या ठेवल्यात, रंग दिला की हाताला फोड येतात म्हणून. मधल्या भोकाच्या झाकणाची आतली बाजू मात्र मी मागून घेतली आणि तिला वार्निशचे तीन हात दिले, चकचकीत. झाकण लावलं की बदकांना काय दिसतंय? आजोबांना यावर बोलायला काही सुचलं नाही.