तुम्ही विचारलंत म्हणून: महापुरानंतर पाळणे का विकले नाहीत?

कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरात सगळे पाण्यात गेले, तेव्हाच जत्रेतले पाळणे विकून मोकळे का झाला नाहीत, हे मला माहेरच्या लग्नातही विचारतात आणि बँकेतही. पूर्वी मी सांगत असे की, आजेसासऱ्यांनी हाताने फिरवायच्या लाकडी पाळण्यापासून हा धंदा उभा केला, तो असा कसा मोडायचा. ऐकणाऱ्याला ते उत्तर आवडते. पण परंपरेपायी कर्जाचे हप्ते भरणारी बाई मी तेव्हाही नव्हते.

पावसाळ्यात जत्रा नसतात, म्हणून आकाशपाळणा, ब्रेकडान्स (गरगर फिरणाऱ्या खुर्च्यांचा पाळणा) आणि घोड्यांचे चक्र सोडवून आम्ही पंचगंगेकाठच्या भाड्याच्या शेडमध्ये ठेवत असू. (नदीकाठीच का, असे विचारण्यापूर्वी शहरात तेवढ्या जागेचे भाडे काय पडते, ते पाहून या.) राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी, त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर शेड उघडली, तेव्हा बेअरिंगांत गाळ घट्ट बसला होता आणि मोटारींतून पाणी निथळत होते. आमच्या आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, हातोडी घेतली आणि प्रत्येक उभारणीआधी करतात तसे एकेका अँगलवर वेल्डिंगच्या जोडापाशी ठोके द्यायला सुरुवात केली. जोड शाबूत असला तर आवाज खणखणीत येतो, तडा गेलेला असला तर बद्द. बोलावलेला भंगारवाला तोवर किलोचा भाव सांगून मोकळा झाला होता. फायबरचे घोडे त्याने पायाने बाजूला सारले आणि म्हणाला, “ह्याचं काय येत न्हाई, वहिनी.” त्या भावाने सगळे लोखंड घातले असते, तरी निम्मे कर्जही फिटले नसते, धंदा गेला असता आणि हप्ता राहिला असता. एवढेच माझे कारण होते. आण्णा मात्र त्यालाच बोलावून “हा जोड ऐक” म्हणत होते, आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मोटारी रिवाइंडिंगसाठी उद्यमनगरात नेल्या, तर तिथे नदीकाठच्या शेतीपंपांची रांग लागलेली. दागिने गहाण पडले, पाळणा उभा राहिला, पुसेगावची यात्रा केली, आणि 2020 च्या चैत्रात कोरोनामुळे जोतिबाची यात्राच रद्द झाली, पाठोपाठ गावोगावच्याही. 2021 लाही तेच. तेव्हा पुरातच विकायला हवे होते, हे तुमचे म्हणणे हिशेबाने खरे ठरते. मात्र तो हिशेब मला पुराच्या चिखलात उभे राहून कुणी मांडून दिला नव्हता.

कर्ज आता फिटत आले आहे, म्हणजे माझे कारणही संपत आले आहे. चालवायलाच घेणारे गिऱ्हाईक आले तर देऊ, असे आण्णा म्हणतात. तसे एक आलेही होते. पण जोड न तपासताच पैशांचे बोलतो म्हणून आण्णांनी त्याला परत पाठवले. भाव चांगला होता आणि मी तिथेच होते, तरी मध्ये पडले नाही. का, ते विचारलेत तर आज माझ्याकडे उत्तर नाही.