ब्रिटनमध्ये मंदीत जुनी कॅराव्हॅन विकायची असेल तर

गिऱ्हाईक घासाघीस करतं किमतीवर, पण परत फिरतं ते ओलीमुळे. म्हणून जाहिरातीआधी कॅराव्हॅनच्या, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, ओलीची तपासणी करून घ्या आणि अहवाल खरेदीदाराच्या हातात द्या. मीटरवर १५ टक्क्यांपर्यंत आकडा आला तर काळजी नाही; २० च्या वर गेला तर पाणी कुठून शिरतंय ते शोधावंच लागतं. बहुतेक वेळा कोपऱ्यांतल्या ॲल्युमिनियम पट्टीखालचं सीलंट वाळून तडकलेलं असतं. खिडकीखालची भिंत आणि छताच्या झरोक्याभोवतीची जागाही दाबून पाहा. वरून नुसतं सिलिकॉन फासू नका. ओल आत कोंडते आणि लाकडी सांगाडा कुजत राहतो.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघतात. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सात वर्षांवरचे टायर बदलूनच टाका.

ओढायच्या कॅराव्हॅनला मोटारीसारखं सरकारी नोंदणीपत्र नसतं. त्यामुळे क्रिसची (ब्रिटनमधल्या कॅराव्हॅन आणि त्यांच्या मालकांची नोंद ठेवणारी योजना) नोंदणी, चासीवरचा आणि काचांवर कोरलेला १७ अक्षर-आकड्यांचा क्रमांक, सर्व्हिसच्या पावत्या, हे सगळं जुळलं पाहिजे. कर्ज बाकी असेल तर आधी फेडा.

मागणी वसंतात वाढते. हिवाळ्यात विकायचीच असेल तर दर आठवड्याला थोडीथोडी किंमत उतरवू नका. त्यातून घाई दिसते. एकदाच, नीट उतरवा.

पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँक खात्यात पाहा, मगच हिच-लॉकची (मोटारीला जोडायच्या कडीवरच्या कुलपाची) किल्ली द्या. समोरच्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट पुरावा नव्हे.