मे महिन्यात ऊब

अमळनेरात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता ‘ऊबदार’ हा शब्द तोंडातून काढला, की घरातली माणसं काळजीने कपाळाला हात लावून बघतात. पारा ४४च्या पुढे, कूलरच्या गवताचा ओला वास घरभर, आणि मी सतरंजीवर आडवा पडून मोबाइलवर हेडफोनचा अ‍ॅम्प्लिफायर शोधतोय. कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंग बंद, त्यामुळे हिशेबनीसाला दुपारी कोणी विचारत नाही. बायकोने मात्र विचारलं, “नेमकं काय शोधताय तीन दिवस?”

“ऊबदार आवाजाचा अ‍ॅम्प. स्वस्तातला.”

“घरात जो आहे तो गच्चीवर नेऊन ठेवा. दहा मिनिटांत होईल ऊबदार.”

दुखणं सुरू झालं ते भाच्यापासून. तो पुण्याला असतो, महागाच्या वस्तू घेतो आणि वर्षभरात कंटाळतो. दिवाळीत येताना त्याने बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आणला. “मामा, हा ठेव तुला. मला फार तिखट वाटतो.” १९८५पासून जर्मनीत बनत आलेला, स्टुडिओतली मंडळी वर्षानुवर्षं कानावर चढवतात तोच हा हेडफोन. कानाभोवती मखमली गाद्या. जानेवारीत त्या अंगावर शाल घेतल्यासारख्या सुखाच्या वाटल्या. आता मे महिन्यात अर्ध्या तासाने काढल्या, की कानांच्या मागून धार लागते. म्हणजे एका अर्थाने ऊब आधीपासून होतीच, फक्त ती आवाजात नव्हती.

आवाज खरंच तिखट होता. ‘स’ आणि ‘श’ आले की सुई टोचल्यासारखं व्हायचं, झांजेने तर डोळे मिटायचे. हा हेडफोन आठ हजार हर्ट्झच्या आसपास जरा चढा बोलतो, हे नंतर कळलं. त्यात माझ्या मोबाइलवर तो पुरेसा वाजतच नव्हता. तिखट, आणि वर बारीक. भाजीत मिरची जास्त आणि भाजीच कमी, असा प्रकार.

बारीक का, ते शेताकडे बघितलं की कळतं. ठिबकची नळी जितकी अरुंद तितका मागून दाब जास्त लागतो. हा हेडफोन २५० ओहमचा, म्हणजे नळी अरुंदच. मोबाइलला जोडायच्या त्या बोटभर डोंगलमधून साधारण १ व्होल्ट निघतो. माझ्यातला हिशेबनीस जागा झाला आणि मी वहीत आकडे मांडले. १ मिलिवॉटला ९६ डेसिबल, असं हेडफोनचं स्वतःचं मोजमाप. १ व्होल्टने मिळतात ४ मिलिवॉट, म्हणजे फार तर १०२ डेसिबल. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण हळुवार आलापीपासून तबल्याच्या थापेपर्यंत जे अंतर असतं, ते उरायचं तर ११०पर्यंत जागा हवी. त्याला लागतात २५ मिलिवॉट, म्हणजे अडीच व्होल्ट. सतत त्या पातळीवर ऐकायचं नाही, कान जातील. थाप पडते त्या क्षणापुरती जागा मोकळी हवी, एवढंच. तर अ‍ॅम्प हवाच होता. प्रश्न ऊबेचा होता, म्हणजे आवाज न टोचता भरीव, गोड लागण्याचा.

जिथे बघावं तिथे ऊबेवर एकच उपाय सांगितलेला: व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत असायचा तो काचेचा, आत नारिंगी तार पेटलेली. मग मी व्हॉल्व्ह बसवलेला एक छोटा अ‍ॅम्प मागवला. कोणाचा ते सांगत नाही. चित्रात तो अंधाऱ्या खोलीत निखाऱ्यासारखा लाल दिसत होता. आला तसा लावला, दिवा मालवला, आणि खरोखर, त्या लालसर उजेडात आवाज गोड वाटायला लागला. दोन रात्री मी शपथेवर सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी उजव्या कानात करकर सुरू झाली. अ‍ॅम्प पिशवीत घालून अप्पांकडे नेला. अप्पा स्टेशनकडच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करतात. आता रेडिओ कोणी आणत नाही म्हणून मिक्सर आणि पंखेही करतात, पण पाटीवर अजून रेडिओच आहे. त्यांना माझी हकिगत सांगितली. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, “आठे उन्हाया शे, आनि तुमले गरम जोयजे?”

मग त्यांनी व्हॉल्व्हला दोन बोटांत धरून हलके हलके डोलवलं आणि सॉकेटमधून उपटलं. व्हॉल्व्ह निघाला, पण उजेड तिथेच राहिला. सॉकेटच्या मधल्या भोकातून एक इवलासा लाल एलईडी वर बघत होता. व्हॉल्व्हची स्वतःची तार इतकी मंद, की दिवसा दिसायचीही नाही. लोकांना निखारा दिसावा म्हणून खालून दिवा लावलेला. अप्पांनी मला काही न बोलता तो व्हॉल्व्ह तळहातावर दिला, आणि मीही काही बोललो नाही. मंदिरात मूर्तीमागे बल्ब दिसला की माणूस असाच गप्प होतो.

अप्पांचं म्हणणं असं, की या डब्यात व्हॉल्व्हला जो दाब मिळतोय तो रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या मानाने काहीच नाही. तिथे दोनशे-अडीचशे व्होल्ट, इथे पंचवीस-तीस. “बैल गोठ्यात बांधला आणि औत ट्रॅक्टरनं ओढलं,” असं ते म्हणाले. खरं काम मागचा चिमुकला चिप करत होता. करकर सुटलेल्या झाळणामुळे होती, ती त्यांनी दोन मिनिटांत मिटवली.

म्हणून व्हॉल्व्हची ऊब हे थोतांड, असं मात्र मी म्हणणार नाही. ती असते आणि ती मोजता येते. चांगल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून सा गेला, की त्याच्या मागून तार सा हळूच, न बोलावता येतो. मूळ स्वराच्या नेमकी दुप्पट कंपनं. शंभरात एखादा भाग एवढाच, पण स्वराशी तो जुळणाराच असतो, म्हणून कान त्याला चूक न म्हणता भरीवपणा म्हणतात. शास्त्राच्या भाषेत ही विकृती. आमच्याकडे भरताचं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजतात, बडगीत ठेचतात. त्यात धूर उतरतो. धूर काही वांग्याचा नव्हे, बाहेरून आलेला. पण गॅसवर भाजलेलं, धुराविना, अगदी निर्मळ वांग्याचं भरीत पाहुण्याला वाढून बघा. पाहुणा जळगावचा असेल तर पुन्हा येणार नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती कडवी आहे. तिचं म्हणणं असं, की अ‍ॅम्पने स्वतःचं काही घालू नये. आलं तसं मोठं करून पुढे द्यावं. धूर हवा तर गायकाने घालावा. या पक्षातला एक माणूस मला फार आवडला. त्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. २०११ साली त्याने ‘ऑब्जेक्टिव्ह टू’ नावाच्या अ‍ॅम्पचा पूर्ण आराखडा जगाला फुकट देऊन टाकला, स्वस्तातल्या सुट्या भागांतून कोणीही जुळवावा असा. महागड्या अ‍ॅम्पवाल्यांना आकड्यांनी जेरीस आणलं. आणि २०१२मध्ये तो जो गप्प झाला तो झालाच. कोण होता, कुठे गेला, काही नाही. आमच्या गावात १९१६पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. जे दिसतं ते खरं की जे मोजलं ते खरं, असल्या वादांना इथली हवा मानवते. तरी व्हॉल्व्हवाले आणि मोजमापवाले यांचं भांडण तिथेही मिटलं असतं असं वाटत नाही.

भाच्याला फोन केला. तो हसला. “मामा, आठ हजारला पाच-सहा डेसिबल खाली ओढ. ईक्यू, म्हणजे हवी ती पट्टी कमी-जास्त करायची सोय, फुकट असते. अ‍ॅम्प साफ घे, आणि त्याचा स्वतःचा अडथळा हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत आहे ना बघ.” म्हणजे माझ्यासाठी एकतीस ओहमच्या आत. जुन्या पद्धतीच्या काही अ‍ॅम्पांत तो शंभराच्याही वर असतो. मग काही हेडफोनांचा खर्ज थोडा फुगतो, आणि लोक त्यालाही ऊब म्हणतात. एका शब्दाखाली किती जण दाटीवाटीने झोपलेत बघा: कुठे तार सा, कुठे फुगलेला खर्ज, कुठे दाबलेली झांज, आणि एका कोपऱ्यात एलईडी.

अप्पांना तो आराखडा दाखवला. त्यांनी कागद दूर धरून पाच मिनिटं वाचला आणि म्हणाले, “पोरगं हुशार शे.” छापील बोर्ड मागवला, बाकी सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाणाऱ्या एकाकडून आणलं, ट्रान्सफॉर्मर अप्पांच्या खोक्यात निघाला. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. झाकणावरचं गुलाबाचं फूल मी राहू दिलं. सगळं मिळून ३,२०० रुपये. अप्पांनी मजुरी घ्यायला तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा घेतली. या आराखड्यात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचीही सोय आहे. वीज गेली आणि इन्व्हर्टर घरघरायला लागला, तरी डबा आपला शांत वाजतो. त्या अनोळखी माणसाने खान्देशाचं भारनियमन ध्यानात घेतलं होतं असं नाही, पण उपकार ते उपकार.

पहिल्या दिवशी मात्र कॉम्प्युटरला जोडताच ‘घूंऽऽ’ असा बारीक सूर. डब्याला बोट लावलं की कमी, काढलं की पुन्हा. अप्पांना फोन केला. त्यांनी विचारलं, “अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचं पाणी कधी टाकलं?” आठवेना. बोअरच्या पाण्याच्या दोन बादल्या आणि मूठभर मीठ खड्ड्यात ओतलं. कोरड्या मातीने ते चुर्र करून गिळलं. संध्याकाळपर्यंत घूं गेली. आवाज सुधारण्याच्या एवढ्या युक्त्या वाचल्या, ही कुठे लिहिलेली नव्हती.

साफ अ‍ॅम्प, आठ हजारवर थोडी काटछाट. ठुमरीतला श्वाससुद्धा ऐकू यायला लागला. तरीही काहीतरी राहिलंय असं वाटत राहिलं. एका रात्री सहज गंमत म्हणून साडेचार हजार हर्ट्झच्या वरचं सगळंच कापून टाकलं, आणि दचकून उठून बसलो. हा आमच्या ओसरीवरचा रेडिओ होता.

दादांचा व्हॉल्व्हचा सेट लाकडी होता, पुढे विटकरी कापड. चालू केला की लगेच बोलायचा नाही. आधी हिरवा डोळा हळूहळू उघडायचा, मग कापडामागून आवाज चालत आल्यासारखा यायचा. मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत अंतर ९ किलोहर्ट्झचं. त्यामुळे साडेचारच्या वरचं फारसं काही घरापर्यंत पोचायचंच नाही. जे आयुष्यभर गोडवा म्हणून जपलं, त्यातला निम्मा हिस्सा म्हणजे हवेतली जागेची टंचाई होती! विविध भारतीवरच्या त्या साऱ्या आवाजांच्या झांजा वाटेतच अडल्या होत्या. मी कापलेलं पुन्हा जोडलं, पुन्हा कापलं. दहा मिनिटांत कंटाळा आला. खरं सांगायचं तर तो आवाज तसा दरिद्रीच होता. फक्त त्यावेळी आवाज ऐकताना रेडिओच्या वरच्या फळीवर आमची मांजर झोपलेली असायची आणि थंडीत दादा तिला बाजूला सारून तिथे तळवे शेकायचे.

काल संध्याकाळी माय जवळ येऊन बसली. “काय ऐकी राहिना रे?” मी हेडफोन तिच्या कानावर चढवला. पदरावरून बसेना, म्हणून पदर मागे घेतला. काटछाट काढून टाकली होती, सगळं होतं तसं. तिने डोळे मिटले. मग हात पुढे करून चाचपडत त्या बिस्किटाच्या डब्यावर तळवा ठेवला, कूलरसमोर दिवसभर ठेवलेला तो डबा. थोडा वेळ तसाच ठेवला. आणि कान झाकलेला माणूस बोलतो तशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, “हाई ते गार शे!”

पाच मिनिटांत शेजारच्या काकू रिकामा तांब्या घेऊन दारात उभ्या. काय गार आहे, म्हणाल्या, आम्हालाही द्या थोडं.