भक्तपूरच्या चौकात आठवलेला वाडा

दिवाळीनंतर आई-पप्पांना घेऊन नेपाळला गेलतो, भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, मग सुनौली बॉर्डर, तिथून बस. दुसऱ्या दिवशी भक्तपूरच्या दरबार चौकात शिरलो आणि आई लगेच म्हणाली, "हाई तं आपला वाडासारखंच शे ना रे!"

समोर पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा, लाल विटांची भिंत आणि वरच्या मजल्यावर ओळीने काळ्या लाकडाच्या कोरीव खिडक्या. भूपतींद्र मल्ल राजाच्या काळातलं हे काम. पण पप्पा खिडक्या सोडून वर छपराकडे बघत बसले. छप्पर भिंतीच्या बरंच बाहेर आलेलं असतं आणि त्याचा भार तिरक्या कोरीव टेकूंवर असतो, त्याला तिथे टुंडाल म्हणतात. मला ती नुसती सजावट वाटली होती. पण विटांची जोडणी मातीची, पाऊस लागला तर भिंत खलास, म्हणून छप्पर एवढं बाहेर काढलेलं, आणि दर्शनी वीट पण मागे निमुळती, म्हणजे समोरून सांध्यात माती दिसतच नाही आणि पाणी आत जात नाही. पप्पांनी एका दाराच्या चौकटीवरून हात फिरवून खिळा शोधला, सापडला नाही, सगळं खाचा आणि लाकडी खुंट्यांवर.

जवळच न्यातपोल मंदिर आहे, पाच छपरांचं, १७०२ सालचं. पायऱ्यांवर खाली दोन पहिलवान, मग हत्ती, सिंह, असे वर वर जास्त ताकदीचे राखणदार. १९३४ आणि २०१५ च्या भूकंपात हे उभं राहिलं, वरच्या मजल्याला थोडा मार बसला तेवढाच, आणि दरबार चौकातलं वत्सला दुर्गेचं दगडी मंदिर मात्र २०१५ ला कोसळलं. ते परत उभं केलंय, मला या गोष्टीचं फार कौतुक वाटतं.

कारण आम्ही आमचा वाडा पाडला. अमळनेर तालुक्यात गावी पणजोबांनी बांधलेला, सागाचे खांब, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, उन्हाळ्यात आत गारवा. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या, स्लॅबची घरं आली, सागवान एका व्यापाऱ्याला विकलं, अजून जीवाला लागतं.

खांबाच्या डोक्यावरचा एक कोरीव तुकडा तेवढा गोठ्यात पडून होता. घरी आल्यावर पप्पांनी तो काढला, धुतला, जवसाचं तेल लावलं. खालच्या भोकात जुनी खुंटी अजून अडकलेली आहे, ती ते कोणाला काढू देत नाहीत.